झाकणाच्या आतली बाजू

माझ्याकडे कोणी पितळेची वस्तू घेऊन आलं की मी ती आधी उलटी करतो. समोरच्या माणसाला ते आवडत नाही. त्यांनी ती चिंच लावून, घासूनपुसून लखलखीत केलेली असते, वरची नक्षी मी बघावी अशी त्यांची अपेक्षा असते आणि मी बूड बघत बसतो. पण तोफेच्या रिकाम्या पुंगळीचं सगळं कुळशील बुडावरच असतं. कोणत्या तोफेची, कोणत्या कारखान्यातली, कोणत्या सालची, ते तिथं ठशांनी ठोकलेलं असतं. वरची कमळं, मोर आणि नावं ही सगळी नंतरची. माणसं नंतरच्या गोष्टींवरच भाळतात, त्याला माझा इलाज नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढणं हा माझा पगारी धंदा होता आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. निवृत्तीनंतर ही सवय कुठं जिरवायची हा प्रश्न पडला. घरात जिरवून बघितली, पण बायकोनं दोन महिन्यांत हात जोडले. त्याच सुमारास देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं. तिथं मला पितळेची एक फुलदाणी मिळाली. उलटी केली तर बुडावर ठसे. युद्धाच्या दिवसांत, हाताला काम नसताना, सैनिकांनी पुंगळ्या, गोळ्या, पडलेल्या विमानाचा पत्रा यांतून केलेल्या अशा वस्तूंना ट्रेंच आर्ट म्हणतात, हे मला त्यानंतर कळलं. अंगठ्या, राखदाण्या, काडेपेटीची कव्हरं, कागद कापायच्या सुऱ्या. त्या एका फुलदाणीनं माझी पुढची बारा वर्षं खाल्ली. मागच्या खोलीला आमच्याकडे भंगारखाना म्हणतात. हे नाव अर्थातच मी ठेवलेलं नाही.

आमच्या भागात या वस्तू पुष्कळ सापडतात. देवळालीला गोऱ्यांच्या पलटणी जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत आणि तोफांचा सराव तर शेजारीच. शिवाय इथली माणसं फौजेत गेली, परत आली, येताना असलं काही घेऊन आली. पण घरात त्याची ओळख कोणी ठेवली नाही. येवल्याच्या एका विणकराच्या घरी मी पुंगळीत रेशमाच्या कांड्या उभ्या करून ठेवलेल्या पाहिल्या आहेत. एका घरी तीत मोहरी होती. मला त्याचं दुःख नाही. भांडं म्हटलं की त्यात काहीतरी भरायचं, ही आपली रीत आहे.

खरी अडचण वेगळीच. नाशकात तांब्यापितळेचं काम करणारे तांबट पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कॅम्पातल्या दुकानांत साहेबलोकांना विकायला म्हणून त्यांनीही भंगारातल्या पुंगळ्यांतून असल्याच वस्तू केल्या, आणि सुरेख केल्या. त्यामुळे समोर आलेली वस्तू सैनिकानं केली की बाजारात झाली, हे सांगणं म्हणजेच माझं काम. त्यासाठी माझा एक नियम होता आणि मला त्याचा बराच अभिमानही होता. कसलेला हात चुकत नाही, चुकला तर चूक लपवतो. सैनिक चुकतो आणि ते तसंच राहू देतो. म्हणून मी चुका शोधायचो. त्यात तर माझी हयात गेली होती.

गेल्या दिवाळीनंतर एका बाईंचा फोन आला. नाशिकरोडला राहतात, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, वय ऐंशीच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच रिक्षा करून आल्या. सुती साडी, पाठ ताठ, हातात स्टीलचा डबा. मी सवयीनं डब्याकडे हात केला, तर त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला.

"आधी ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "मग बघा."

लोकांच्या आठवणी मी शक्यतो नंतर ऐकतो, कारण आधी ऐकल्या की डोळे त्या बाजूनं झुकतात. पण त्यांचा आवाज वर्गातला होता. मी हात मागं घेतला.

बाईंचे वडील नामपूरचे. तोफखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीकडे गेले, तेव्हा बाईंच्या आईला सहावा महिना होता. मुलगी झाली, बारसं झालं. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून चुलत्यानं पत्र लिहिलं की मुलगी झाली, नाव अमुक ठेवलं. मग जवळजवळ वर्षानं तार आली, वडील गेल्याची. पुढं आईचं सासरी जमेना. ती लेकीला घेऊन देवळाली कॅम्पात आली, एका बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली आणि लेकीला नोकरी लागेपर्यंत तिथंच राहिली.

"मी शाळेत जायला लागले त्या वर्षी आईनं मला हा दिला," असं म्हणून त्यांनी डबा उघडला. आत पितळेचा कुंकवाचा करंडा होता, मुठीत मावेल एवढा. झाकणावर कमळ आणि अंगावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं एक नाव. बाईंचं नाव. "ती म्हणायची, तुना बापनी धाडेल शे. त्याले तुनं नाव मालूम व्हतं. वडिलांनी पाठवलेला हा त्यांच्या सामानाबरोबर आला, असं म्हणाली."

त्यांनी पदराच्या टोकानं झाकण पुसलं.

"वडिलांना मी पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. पण त्यांनी माझं नाव आपल्या हातानं ठोकलं होतं. मला तेवढं पुरलं. खरंच पुरलं. शाळेत बापावरून कोणी काही बोललं की मी घरी येऊन हा करंडा बघायचे."

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं एक पत्र काढलं. त्यांच्या चुलतभावानं नामपूरचं घर आवरायला काढलं, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी ते सापडलं होतं. चुलत्याचं तेच पत्र, मुलगी झाल्याचं. पाकिटावर तीन-चार शिक्के. फौजेत फिरून फिरून, माणूस न सापडता ते परत आलेलं होतं. चुलत्यानं ते कोणालाच दाखवलं नव्हतं. पाकीट फोडलेलं नव्हतं. बाईंनी ते ऐंशी वर्षांनी स्वतःच्या हातानं फोडलं.

"पत्र पोचलंच नाही," बाई म्हणाल्या. "मग माझं नाव त्यांना कुठून कळलं?"

"दुसरं पत्र गेलं असेल."

"असेल. किंवा नसेल. चुलतभाऊ म्हणतो, करंडा नाशकातल्या बाजारातला आहे, काकूनं विकत घेतला असेल. म्हणून मी तुमच्याकडे आले. त्यांनी केलाय का नाही, ते सांगा. आणि लेखी द्या. काय असेल ते द्या."

हे सगळं ऐकून झाल्यावर मी करंडा उलटा केला. बूड साधं, पत्र्याचं, डाग देऊन बसवलेलं. ठसा नाही. अंग पुंगळीच्या नळीचंच होतं, ते जाडी बघून आणि पितळेच्या रंगावरून लगेच कळलं. लहान तोफेची पुंगळी. झाकण मात्र बोटाला जड लागलं. ते पुंगळीच्या बुडाच्या चकतीचं होतं. दारू पेटवणारी टोपी जिथं बसते ते मधलं भोक रिव्हेट ठोकून बुजवलेलं होतं आणि त्या रिव्हेटभोवतीच कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या. युक्ती छान होती. मी झाकण उघडलं, आत बघितलं. आत कल्हई होती. मी झाकण बंद केलं.

मग नाव बघितलं. भिंगातून बघितलं आणि माझं मन जागेवर बसलं. वरची रेघ लांबलचक, नावाच्या दोन्ही बाजूंना बाहेर गेलेली. अक्षरं खाली, रेघेला धड न टेकलेली. शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे दाबून बारीक केलेलं. बाजारातला नाव घालणारा असं मरेपर्यंत करणार नाही. हा नवशिका हात. तंबूत बसून, मिळेल त्या खिळ्यानं ठोकणारा. माझा नियम अगदी चपखल बसत होता.

"सैनिकाचंच काम आहे," मी म्हणालो.

एवढ्या लवकर मी कधी सांगत नाही. वस्तू आठ दिवस ठेवून घेतो, मोजमापं घेतो, फोटो काढतो, मग बोलतो. त्या दिवशी का बोललो, याचं कारण मला माहीत आहे. समोरच्या बाई रडतील अशी मला भीती वाटत होती. त्या रडल्या नाहीत. त्यांनी करंडा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "मग चहा चालेल." बायकोनं चहा केला. बाईंनी दोन कप घेतले आणि माझ्या भंगारखान्यातली एकूण एक वस्तू कौतुकानं बघितली. लेखी टिपणासाठी करंडा आठवडाभर माझ्याकडे ठेवायला त्या तयार झाल्या. जाताना जिन्यातूनच त्यांनी नामपूरला चुलतभावाला फोन लावला. त्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता.

फोटो काढायला बसलो तो तिसरा दिवस. मी खिडकीशी, तिरप्या उन्हात काढतो, म्हणजे खोलगट रेषा उठून दिसतात. झाकणाचा आतला फोटो काढायचा म्हणून ते उताणं ठेवलं. कल्हईच्या खाली मला किंचित खड्डे दिसले. गोलाकार, रिव्हेटच्या भोवती. मी झाकण फिरवलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

ठसे मी करंड्याच्या बुडाला शोधले होते आणि पुंगळीचं बूड तर या झाकणात होतं. चकती उलटी करून बसवलेली. जी बाजू मुळात बाहेरची, ठशांची, ती आता आत होती, आणि ठसे दिसू नयेत किंवा आतून बरं दिसावं म्हणून तिच्यावर कल्हई चढवलेली होती. मी ती पहिल्याच दिवशी बघितली होती. बघून झाकण बंद केलं होतं. कुंकवाच्या करंड्याला कल्हई कशाला, हा प्रश्न मला पडलाच नाही. ताकातुपाच्या भांड्याला कल्हई लागते, कुंकवाला नाही. पण लहानपणापासून घरातल्या पितळेच्या प्रत्येक भांड्याच्या आत मी पांढरंच बघत आलोय. कल्हईवाला दारात आला की आई हाताला लागेल ते बाहेर काढायची. परदेशातल्या एखाद्या संग्राहकानं पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, हे पांढरं काय आहे? मला ते दिसलंच नाही, कारण ते तिथं असणारच होतं.

आणि दुसरी गोष्ट. इटलीच्या आघाडीवर खंदकात बसलेला माणूस कल्हई कुठून आणणार?

फौजेच्या दुरुस्तीखात्यात कथील मिळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अर्धा दिवस टिकली. ठसे वाचल्याशिवाय काही खरं नव्हतं आणि कल्हई काढल्याशिवाय ठसे वाचता येणार नव्हते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "द्या की हो लिहून. ऐंशीच्या पुढच्या बाईला आता खरं कळून काय करायचंय?" मी तिच्यावर चिडलो. केसाएवढ्या फरकासाठी मी टोपल्याच्या टोपल्या माल परत पाठवलेला माणूस आहे, वगैरे ऐकवलं. पण नुसतं चिडून काय होतं? फोन मी सहा दिवस केला नाही. बाईंचेच दोन फोन आले, तेव्हा "चालू आहे, चालू आहे" म्हणालो. मला माझी लाज वाटत होती. ती चुकल्याची नव्हती. घाईघाईनं दिलेला आनंद परत मागायला जायचं होतं, त्याची होती.

शेवटी केला. सगळं सांगितलं. झाकणाच्या आत ठसे आहेत, त्यात साल असणार, ते बघायचं तर कल्हई उतरवावी लागेल. न बघता मी लेखी देऊ शकत नाही.



"काढा," बाई म्हणाल्या. "पण माझ्यासमोर काढा."

भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक तांबटकाका आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढं. आता त्यांच्याकडे मुख्यतः दुरुस्तीचं आणि देवळांच्या कळसांचं काम असतं. मी अडलो की त्यांच्याकडे जातो. ते मला 'पुंगळीवाले' म्हणतात. बाईंना त्यांनी स्टूल दिलं, वर आपली घडी केलेली शाल टाकली. मी मुद्दामच त्यांना मागची हकिगत सांगितली नव्हती. फक्त म्हटलं, आतली कल्हई उतरवायची आहे.

काकांनी झाकण हातात घेतलं, रिव्हेटवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "ही तर आमच्याकडची."

"कशावरून?" मी विचारलं.

"कमळाच्या मधी रिव्हेट बसवायची आमच्या गल्लीची रीत. माझे वडील करायचे, शेजारचे करायचे. मिलिट्रीचं पितळ लिलावात यायचं ना. बुडाची चकती वाया कशाला घालवायची? उलटी करायची, भोक बुजवायचं, झाकण करायचं. आतून कोण घासत बसतंय, कल्हई मारली की झालं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

काकांनी झाकण सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवलं. कल्हई चढवतात तेव्हा कथील वितळून पसरतं, इथं ते नुसतं वितळवून कापसानं पुसून घ्यायचं होतं. दोन-तीनदा पुसल्यावर पांढरं पातळ झालं. मग झाकण पाण्यात टाकून काकांनी ते बारीक वाळूनं घासलं. पितळ पिवळं उघडं पडलं. ठशांच्या खाचांत तेवढं कथील अडकून राहिलं होतं, म्हणून अक्षरं आणि आकडे पांढरे स्वच्छ वाचता येत होते.

मी हात पुढं करायच्या आत बाईंनी झाकण घेतलं. चष्मा वर केला. डोळ्यांजवळ नेऊन साल वाचलं. तार कोणत्या साली आली ते त्यांना पाठ होतं, ते मला सांगायची गरज नव्हती. ही पुंगळी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा त्यांच्या वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"नाही म्हणजे," त्या म्हणाल्या. "नाहीच."

"नाही," मी म्हणालो. "माझी चूक झाली, बाई."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. वर्गात एखाद्याचं गणित चुकल्यावर बाई वही परत देतात, तशी मान हलवली होती. मला ते जास्त लागलं. मग आपली बाजू सावरायची म्हणून मी काकांना विचारलं, आणि हे मी विचारायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं, "पण काका, तुमच्या गल्लीतलं काम, मग नाव इतकं वाकडं कसं? कमळ बघा केवढं सुबक आहे."

काकांनी करंड्याचं अंग हातात घेतलं आणि हसले.

"आमच्या म्हाताऱ्यांना कुठं लिहिता यायचं? नाव घालायचं असलं की गिऱ्हाईकानं स्वतः लिहून द्यायचं. भांड्यावर चुन्यानं लिहायचं, नाहीतर कागदावर आणायचं. वडील त्याच्यावरून टिंबं मारायचे. सरळ लिहिलं तर सरळ, वाकडं लिहिलं तर वाकडं. एक टिंब इकडचं तिकडं करायचे नाहीत. अक्षर ज्याचं त्याचं, आमचं नुसतं ठोकणं."

म्हणजे माझा तो नियम, ज्याच्यावर मी बारा वर्षं हिरीरीनं वाद घातले, तो या गल्लीच्या तोंडाशीच संपत होता. नवशिका हात होता हे खरं, पण तो ठोकणाऱ्याचा नव्हता. आणखी किती वस्तूंना मी याच नियमानं सैनिकाच्या म्हणून दाखले दिलेत, हा विचार माझ्या मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. कपाटातल्या जुन्या टिपणांना मी तेव्हापासून हात लावलेला नाही.

"मग लिहून कोणी दिलं?" मी म्हणालो. "तुमच्या चुलत्यांनी?"

बाईंनी पिशवीतून ते परत आलेलं पत्र काढलं. चुलत्याचं अक्षर तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असं होतं, डौलदार, एका बाजूला कललेलं. करंड्यावरच्या अक्षराशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि चुलत्याशी त्या वेळी आईचं बोलणंही नव्हतं, असं बाईंनीच सांगितलं.

"बंगल्यावरच्या कोणी दिलं असेल," मी म्हणालो.

बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी करंडा दुकानाच्या दाराकडे, उजेडात धरला होता. त्यांचं बोट नावावरून सावकाश फिरत होतं, वरच्या रेघेवरून एकदा, मग एकेका अक्षरावरून.

"मोठं माणूस असं लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "मोठं माणूस आधी अक्षर काढतं, मग वर रेघ देतं. पहिलीतली मुलं आधी रेघ मारून ठेवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली अक्षरं टांगतात. ती रेघेला लागत नाहीत. आणि शेवटी जागा पुरत नाही." त्यांनी बोट उचललं. "हे मी जन्मभर दुरुस्त केलंय. आणि हा करंडा जन्मभर बघितलाय. कधी वाचलाच नाही."

मला तेव्हाही कळलं नाही. काकांनाही नाही. ते म्हणाले, "मग कोणा पोराकडून लिहून घेतलं असेल."

"ही माझी पाटी आहे," बाई म्हणाल्या.

गल्लीत कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. काकांनी सांडशी खाली ठेवली.

हळूहळू त्या बोलायला लागल्या, आमच्याशी असं नाही. पहिलीत पाटीवर त्या स्वतःचं नाव लिहून घरी आणायच्या आणि आई ती पाटी पुसू द्यायची नाही, पदराला हात पुसत पुसत बघत बसायची. त्यांना वाटायचं, आईला कौतुक आहे. एकदा पाटी दोन दिवस घरात नव्हती. आई म्हणाली, बंगल्यावर राहिली. त्यावरून त्या शाळेत शिक्षा म्हणून उभ्या राहिल्या होत्या आणि घरी येऊन आईशी भांडल्या होत्या. आई काही बोलली नव्हती.

"चुन्यानं तिनं स्वतः उतरवून काढलं असेल, की तुमच्या वडिलांना पाटीच दिली?" बाईंनी काकांना विचारलं.

"कसं सांगणार, ताई?" काका म्हणाले. "दोन्ही चालायचं."

"पाटी असेल तर कॅम्पातून इथपर्यंत आणायची. बसमध्ये. पुसू न देता."

"पदरात धरली असेल," काका म्हणाले.

बाई मग रडल्या. फार नाही. मी कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथं रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कोणी शिकवलेलं नाही. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. पण मलाही भरून आलं होतं, हे इथं लिहायला हरकत नाही.

"मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना लिहायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "आई माझ्याजवळ होती, म्हातारी होईपर्यंत होती. पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायची. मी शाई लावून द्यायचे तिच्या अंगठ्याला. एकदासुद्धा म्हणाले नाही, ये, बस, तुला शिकवते. म्हटलं, तिला आता काय करायचंय."

काकांनी झाकण पुसून करंड्यावर बसवलं. कल्हई परत चढवू का, असं त्यांनी विचारलं. बाई नको म्हणाल्या. आम्ही गल्लीतून बाहेर आलो, मी रिक्षा थांबवली. त्यांना बसवताना मी विचारलं की लेखी टिपणाचं काय करू, आता ते हवं आहे का, चुलतभावाला मी हवं तर फोन करतो.

"द्या की," त्या म्हणाल्या. "पण नीट द्या. लिहा, वडिलांना माझं नाव माहीत नव्हतं." त्यांनी करंडा पिशवीत न टाकता हातातच धरला होता. "आणि आईला लिहिता येत नव्हतं, तेही लिहा. दोन्ही लिहा."